किरुनाची नोकरी: चंद्रपूरच्या एका वडिलांच्या पत्राला उत्तर

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र सविस्तर वाचले. आपण चंद्रपूर जिल्ह्यातील एका भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे शिफ्टचे पर्यवेक्षक, आहात. आपल्या मुलीने खाण अभियांत्रिकीची पदवी घेतल्यावर स्वीडनमधील लुलेओ तंत्रविद्यापीठात दोन वर्षांचा मास्टर्स अभ्यासक्रम पूर्ण केला असून, आता त्याच देशाच्या उत्तर टोकाला किरुना या गावी खडक-यांत्रिकीच्या कामावर तिला नोकरी देऊ केली आहे. पहिले सहा महिने परिवीक्षेचे आहेत. दुसरीकडे पुण्यातील एका सॉफ्टवेअर कंपनीनेही तिला होकार कळवला आहे आणि घरातील बहुतेकांचा कौल पुण्याच्या बाजूने आहे. आपण लिहिता, ‘‘ज्या गावाची जमीनच खचते आहे आणि जे गाव उचलून दुसरीकडे नेत आहेत, तिथे पोरीला कशाच्या भरवशावर पाठवू?’’ त्यापुढे थंडी, अंधार, एकटेपणा आणि लग्न या काळज्याही आपण मोकळेपणाने मांडल्या आहेत.

माझे मत आधी सांगते: तिने किरुनाला जावे. मात्र सही करण्यापूर्वी काही गोष्टी लेखी मागून घ्याव्यात आणि पहिल्या वर्षात एका गोष्टीकडे पगाराहूनही अधिक लक्ष द्यावे. त्या गोष्टीकडे मी पुढे येणारच आहे.

गावाविषयीची आपली भीती खरी आहे, पण तिचे कारण आपल्याला इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल. डिपिलरिंग झाल्यावर, म्हणजे कोळशाचे आधारखांब काढून घेतल्यावर, गोफ (मागे उरलेली पोकळी) बसतो आणि वरची जमीन खचते, हे आपण आयुष्यभर पाहिले आहे. किरुनाचे लोहखनिज सुमारे चार किलोमीटर लांब आणि सरासरी ऐंशी मीटर जाड अशा एका तिरप्या पट्ट्यात आहे आणि हा पट्टा गावाच्या दिशेने खाली उतरत जातो. खनिज खालून स्फोटाने फोडून काढतात आणि वरचा खडक मुद्दाम कोसळू देतात. साहजिकच खाण जितकी खोल जाते तितका जमिनीच्या हालचालीचा परिणाम गावाकडे सरकतो. मुख्य वाहतुकीची पातळी आज १,३६५ मीटरवर आहे. म्हणून २००४ मध्ये गाव हलवण्याचा निर्णय झाला आणि सुमारे तीन किलोमीटर पूर्वेला वसवलेले नवे केंद्र २०२२ मध्ये खुले झाले. १९१२ सालचे लाकडी चर्च तर ऑगस्ट २०२५ मध्ये दोन दिवसांत, अखंड, चाकांवरून पाच किलोमीटर दूर नेले. हे सारे भूगर्भमापनाच्या आधारे, भेगा पोहोचण्यापूर्वी, वर्षानुवर्षांच्या नियोजनाने चालले आहे. ज्यांची स्वतःची घरे जातात त्यांना बाजारभावावर पंचवीस टक्के अधिक रक्कम किंवा नवे घर, असा पर्याय दिला जातो. आपल्या जिल्ह्यात खाणीखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन कसे रखडते हे मला माहीत आहे. त्या अनुभवावरून किरुनाविषयी अंदाज बांधू नये, एवढीच विनंती.

आता कामाविषयी. जमिनीची हीच हालचाल मोजणे, तिचा अंदाज बांधणे आणि त्यानुसार आधार व उत्खननाचा क्रम ठरवणे, हे आपल्या मुलीचे काम असणार आहे. आपण शिफ्टच्या सुरुवातीला छताला काठी ठोकून आवाज ऐकता. खणखणीत वाजले तर छत धड आहे आणि पोकळ वाजले तर माणसे मागे घ्यायची. किरुनाच्या खाणीत हे ऐकण्याचे काम खडकात बसवलेल्या जिओफोनचे, म्हणजे कंपने टिपणाऱ्या यंत्रांचे, मोठे जाळे रात्रंदिवस करते आणि त्यांनी टिपलेल्या लहानमोठ्या हादऱ्यांवरून कोणत्या भागात माणसे जाऊ द्यायची हे ठरवावे लागते. मे २०२० मध्ये तिथे ४.९ तीव्रतेचा, खाणकामामुळे घडलेला भूकंप झाला. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही, पण त्यानंतर या शाखेच्या अभियंत्यांपुढे जे प्रश्न उभे राहिले ते जगात फार थोड्या खाणींत शिकायला मिळतात. खोल खाणींचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला याहून चांगली पहिली नोकरी मी सुचवू शकणार नाही.

पुण्याची नोकरी वाईट आहे असे मी म्हणत नाही; पगार नियमित मिळेल, दिवाळीला घरी येता येईल आणि मैत्रिणीही भोवती असतील. पण खाणीचे शिक्षण घेतलेला अभियंता पहिल्याच वळणावर सॉफ्टवेअरकडे गेला की पुन्हा खाणीकडे येणे अवघड होते, कारण त्याचे समवयस्क तोवर प्रत्यक्ष कामाची काही वर्षे पुढे गेलेले असतात. उलट किरुनात तीन वर्षे काढून, खडकांच्या प्रारूपांचे आणि मोजणीच्या सॉफ्टवेअरचे ज्ञान घेऊन पुण्याला येणे सहज शक्य आहे. शिवाय तिने ही शाखा निवडली तेव्हा वाट सोपी नव्हती, हे आपण जाणताच. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूमिगत कामाची मनाई केली होती. २०१९ मध्ये तांत्रिक, पर्यवेक्षी आणि व्यवस्थापकीय कामांपुरती, तीही सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळात आणि त्यांच्या लेखी संमतीने, ती उठवली गेली. अलीकडच्या कामगार संहितेने दार आणखी उघडले असले तरी आपल्या स्वतःच्या शिफ्टमध्ये आपल्यासोबत किती स्त्रिया खाली उतरतात, याचे उत्तर आपल्याजवळ आहे.

आपण न विचारलेला, पण मला जास्त महत्त्वाचा वाटणारा धोका निराळा आहे. किरुना हे मुख्यतः एकाच मोठ्या उद्योगाचे गाव आहे. ही खाण चालवणारी एलकेएबी १८९० मध्ये स्थापन झालेली आणि संपूर्णपणे स्वीडिश शासनाच्या मालकीची कंपनी आहे, त्यामुळे ती रातोरात बंद पडेल असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्या मुलीला बोलावणारी कंपनी त्या खाणीला सेवा पुरवणारी, म्हणजे कंत्राटावर अवलंबून असलेली आहे, असे आपल्या पत्रावरून दिसते. त्याच उत्तर स्वीडनमधील शेलेफ्तेओ येथे बॅटरी बनवणाऱ्या नॉर्थव्होल्टसाठी जगभरातून, भारतातूनही, तरुण अभियंते गेले आणि मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केल्यावर अनेकांवर ठरावीक मुदतीत नवी नोकरी शोधण्याची, नाहीतर देश सोडण्याची वेळ आली. म्हणून तिने कंपनीला सरळ विचारावे की खाणीशी असलेले कंत्राट किती काळाचे आहे. तिने पहिल्याच महिन्यात अभियंत्यांच्या संघटनेचे आणि तिथे आ-कासा म्हणतात त्या बेकारी विमा निधीचे सदस्य व्हावे. तिथे राहण्याच्या व काम करण्याच्या परवान्याचे नियम वारंवार बदलतात, म्हणून ते मित्रांच्या सांगण्यावर न सोडता स्थलांतर खात्याच्या संकेतस्थळावरूनच वाचावेत.

थंडी आणि अंधाराविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण आपली मुलगी लुलेओत दोन हिवाळे काढून आली आहे आणि तिथेही डिसेंबरात जेमतेम तीन तास सूर्य दिसतो. किरुना उत्तर ध्रुववृत्ताच्याही वर असल्यामुळे साधारण १० डिसेंबरपासून नव्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत सूर्य उगवतच नाही. दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो आणि पारा उणे तीसच्या खाली जाऊ शकतो. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत मात्र सूर्य मावळत नाही आणि झोपेची घडी या काळातही तितकीच बिघडते, त्यामुळे तिच्या खोलीला जाड काळे पडदे हवेत. ड जीवनसत्त्व डॉक्टरांना विचारून घ्यावे. चंद्रपूरच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेल्या माणसाला उणे तीस ऐकून धडकी भरणे स्वाभाविक आहे, पण तिथली घरे, कपडे आणि रस्ते त्या थंडीसाठीच बनलेले असतात.

माझ्या माहितीत जी मुले अशा दूरच्या उत्तरेकडील गावांतून वर्षभरात परत आली, ती थंडीमुळे आली नाहीत. ती भाषेमुळे आली; पगाराहूनही अधिक लक्ष द्यावे असे मी म्हटले ती गोष्ट हीच. विद्यापीठात अध्यापन इंग्रजीत, मित्र दहा देशांचे आणि भारतीय विद्यार्थ्यांचा आपला गटही असतो. त्यामुळे दोन वर्षे राहूनही स्वीडिश कामापुरतीच येते. किरुनात बैठक इंग्रजीत होईल, अहवालही इंग्रजीत चालेल, पण सकाळी कॉफीच्या वेळी टेबलाभोवती जे बोलणे होते ते स्वीडिशमध्ये होईल, क्वचित फिनिश वळणाच्या स्थानिक बोलीतही. त्या टेबलावर कोणत्या बोगद्यातले खडकाला आधार देणारे बोल्ट वाकले, कोणता मुकादम काळजीत आहे, शनिवारी कोण कुठे जाणार आहे, हे सगळे कळते. जो तिथे हसून गप्प बसतो, त्याला लोक काही महिन्यांनी विचारणे सोडतात, आणि त्यात त्यांचा दुष्टावा नसतो. नव्या माणसाला ते इंग्रजीत उत्तर देतात तेही सौजन्याने. आपल्या मुलीने न लाजता चुकत-माकत स्वीडिशमध्येच बोलत राहिले पाहिजे. परिवीक्षेच्या सहा महिन्यांत तिच्या गणितापेक्षा तिच्या या धिटाईवर अधिक अवलंबून असेल, असे मला मनापासून वाटते. परदेशातून येऊन तिथे नोंदणीने राहणाऱ्या प्रौढांसाठी नगरपालिका स्वीडिशचे वर्ग मोफत चालवते. शिफ्ट सांभाळून त्या वर्गाला जाता येईल का, हे तिने नेमणुकीपूर्वीच वरिष्ठांशी बोलून घ्यावे.

भाषेला लागूनच दुसरी गोष्ट येते. तिथे माणसे एकमेकांच्या घरी सहज टपकत नाहीत. ओळखी होतात त्या मंडळांतून. स्कीइंगचे, गायनाचे, आइस हॉकीचे, गिर्यारोहणाचे असे कोणते ना कोणते मंडळ प्रत्येकाचे असते. आपली मुलगी शाळेत असताना भजनात गात असे, असे आपण सहज लिहून गेला आहात. तिने पहिल्या शरद ऋतूतच, अंधार पडण्याआधी, एखाद्या गायकवृंदात नाव नोंदवावे. सूर जाणणाऱ्या माणसाला शब्द कमी असले तरी तिथे जागा मिळते. एक गोष्ट तिने मनात ठेवावी की ही भूमी रेनडियर पाळणाऱ्या सामी लोकांची आहे आणि खाणीच्या विस्तारामुळे त्यांच्या कळपांच्या वाटा तुटतात, असा त्यांचा जुना व सकारण आक्षेप आहे. खाणीत काम करणाऱ्या पाहुण्याने तो आधी नीट ऐकून घ्यावा.

लग्नाचा प्रश्न आपण संकोचाने शेवटी लिहिला आहे, पण मी तो हलका मानत नाही. माझे सांगणे इतकेच आहे की ‘दोन वर्षांत परत ये, मग स्थळे पाहू’ अशी अट नोकरीला जोडू नये. अशा अटीखाली गेलेली मुले मनाने कुठेच मुक्काम करत नाहीत. तिला काय हवे आहे हे तिच्या आईने तिच्याशी शांतपणे बोलून समजून घ्यावे. पुढे जोडीदाराच्या नोकरीची शंका येईल, तर किरुनात खाणीखेरीज रुग्णालय आहे, पर्यटन आहे, गावाबाहेर एसरेंज हे रॉकेट प्रक्षेपण केंद्र आहे आणि अवकाश भौतिकीची राष्ट्रीय संस्था आहे. याच संस्थेने इस्रोच्या सहकार्याने तयार केलेले सारा हे उपकरण २००८ मध्ये चांद्रयान-१ वर चंद्राकडे गेले होते. हे वाचून आपल्याला ते गाव थोडे कमी परके वाटले तर मला आनंद होईल.

आता सहीपूर्वीच्या गोष्टी. सर्वांत आधी घर. गाव हलत असल्याने घरांची टंचाई आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी सुमारे सहा हजार लोकांना हलावे लागेल असे जाहीर झाल्यामुळे ती लवकर मिटणारी नाही. म्हणून कंपनी किमान पहिल्या वर्षासाठी घर देणार का, कोणत्या भाड्याने, आणि परिवीक्षा संपल्यावरही ते घर तिच्याकडे राहील का, हे करारात असावे. दुसरी गोष्ट रजा. स्वीडनमध्ये कायद्याने वर्षाला पंचवीस दिवस रजा मिळते, पण पगारी रजा साधारणपणे आदल्या वर्षीच्या कामावर जमा होते. पहिल्या वर्षी आगाऊ पगारी रजा मिळेल का, हे विचारून घेतले तर ती सूर्य नसलेल्या दिवसांत, डिसेंबरअखेरीस, घरी येऊ शकेल. गाडी चालवण्याचा प्रश्नही आहे. भारतीय परवाना तिथे नोंदणी झाल्यापासून एकच वर्ष चालतो, म्हणजे तिचा चालत नसणार; स्वीडिश परवान्यासाठी निसरड्या रस्त्यावरचे प्रशिक्षण सक्तीचे आहे आणि त्याला वेळ व पैसा दोन्ही लागतात. त्यामुळे पहिल्या हिवाळ्यात बसच्या मार्गावरचे घर पाहावे.

आणि एक काम आपण स्वतः करावे. पुढेमागे ती भारतात परतून खाण व्यवस्थापक होण्यासाठी लागणाऱ्या सक्षमता प्रमाणपत्राची परीक्षा देऊ इच्छील, तेव्हा परदेशी खाणीतील अनुभव कितपत धरला जाईल आणि त्यासाठी कोणत्या नोंदी लागतील, याची चौकशी धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे आताच लेखी करावी. कोणत्या विभागाला कसा अर्ज लिहायचा हे आपल्याइतके घरात कोणाला ठाऊक नसणार. उत्तर येईपर्यंत तिने भूमिगत कामाच्या प्रत्येक महिन्याची नोंद वरिष्ठांच्या सहीने ठेवायला पहिल्या दिवसापासून सुरुवात करावी. घर आणि रजा यांविषयी कंपनीचे उत्तर आले की ते मला पाठवावे, म्हणजे करारातील शब्द आपण एकत्र पाहू.

आपली,
करिअर मार्गदर्शक