‘विद्यार्थी अडीच महिने फोन उचलत नाही. गाईड म्हणून मी काय करू?’

पत्र

ताई, मी एका जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवते. माझ्याकडे पीएच.डी.चे पाच विद्यार्थी आहेत. त्यातला एक, परभणीकडचा, वय ३१, नोंदणी जानेवारी २०२३ ची. गेले अडीच महिने तो माझा फोन उचलत नाही. शेवटचं प्रकरण त्याने आणून दिलं तेव्हा बाकीच्यांसमोर मी म्हणाले होते, “हा प्रबंध आहे, पेपरातला लेख नव्हे.” त्याने कागदांची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि गेला. तो तासिका तत्त्वावर शिकवतो, घरची कोरडवाहू शेती आहे, घरचे लग्नासाठी मागे लागलेत. परवा दुसरी एक विद्यार्थिनी म्हणाली, “मॅडम, आम्हां सगळ्यांनाच तुमची भीती वाटते.” वाईट वाटलं आणि रागही आला. आमच्या वेळी सरांसमोर खुर्चीत बसायची हिंमत नव्हती, तरी आम्ही काम पुरं केलंच ना? पुढच्या महिन्यात सल्लागार समितीसमोर त्याचा प्रगती अहवाल आहे. ‘असमाधानकारक’ असा शेरा मारू का? आणि मुलांची मनं सांभाळणं हेही गाईडचंच काम आहे का?

– एक गाईड, मराठवाडा

उत्तर

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या घडी घातलेल्या कागदांपाशी थांबले. अडीच महिन्यांनीही तुम्हाला ती घडी आठवते आहे, म्हणजे उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त ते दुसऱ्या कुणी तरी म्हणायला हवंय. तर म्हणते. हो, ते गाईडचं काम आहे. आणि आता पहिला निरोप तुमच्याकडून जायला हवा, माफीसकट.

मी आयुष्यभर ग्रंथालयात नोकरी केली. संशोधन करणारी मुलं कशी येतात आणि कशी यायची थांबतात, हे मी टेबलापलीकडून पाहिलंय. एक मुलगी रोज खिडकीजवळच्या जागेवर बसायची, डबाही तिथेच खायची. नियमात बसत नव्हतं, पण मी कधी बोलले नाही. मग ती आठवड्यातून दोनदाच येऊ लागली. मग पुस्तकं परत करायलासुद्धा भावाला पाठवलं. मी त्याच्याकडून पुस्तकं घेतली, पावती दिली आणि तिची चौकशी केली नाही. मला वाटलं, आपण कोण विचारणारे? पुढे कळलं की तिने काम सोडलं. चार प्रकरणं लिहून झाली होती. मी विचारलं असतं तर ती परत आली असती असं मी म्हणणार नाही. पण तिला कुणीच विचारलं नव्हतं, हे मला नंतर समजलं, आणि ते मला आजही टोचतं.

तुमचा विद्यार्थी आळसाने गप्प आहे असं मला वाटत नाही. त्याच्या जागी बसून बघा. गावात लोक त्याला आत्ताच ‘डॉक्टर’ म्हणून हाक मारतात, कुणी कौतुकाने, कुणी खवचटपणे. आई विचारते, अजून किती दिवस? तासिकेचं मानधन महिनोन्‌महिने येत नाही, आलं की उधारीत जातं. बरोबरीचे मित्र कुणी शिक्षक, कुणी तलाठी होऊन घरं बांधतायत. या सगळ्यात जिथे त्याची हुशारी मोजली जायची अशी एकच जागा होती, तुमची खोली. तिथेच तो चौघांसमोर उणा ठरला. आता तुमचा फोन वाजला की त्याला तुमचं ते वाक्य ऐकू येत असणार. पहिल्या आठवड्यात फोन न उचलल्याची लाज, दुसऱ्यात त्या लाजेची लाज. अडीच महिन्यांत त्याचा डोंगर होतो. तो डोंगर त्याला खालून चढायला लावू नका.

फोन करू नका, लिहून पाठवा. लिहिलेलं माणूस पाहिजे तेव्हा, पाहिजे तितक्यांदा वाचतो. साधं लिहा: “त्या दिवशी मी सगळ्यांसमोर जे बोलले ते चुकलं. प्रकरणात दुरुस्त्या आहेत, पण त्या मी नीट बसून सांगायला हव्या होत्या. तू कसा आहेस एवढंच कळव. प्रकरणाचं नंतर बघू.” यात ‘पण तूही’ असं काही जोडू नका. अहवालाची तारीख त्याच निरोपात घालू नका.

आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच्या जवळच्या मित्रामार्फत चौकशी करा. घरी थेट वडिलांना फोन लावू नका, त्याची तिथली अब्रूही तुमच्या हातात आहे. मात्र बोलण्यातून किंवा मित्राकडून ‘आता कशातच अर्थ नाही’ अशा अर्थाचं काही कानावर आलं, तर हा संकोच बाजूला ठेवा, घरच्यांनाही सांगा. त्याला सरळ विचारा, जीव द्यायचे विचार मनात येतात का? विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत, उलट बोलायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांकडे बरोबर जा. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो क्रमांक तुमच्या खोलीच्या दाराशीही लावून ठेवा, सगळ्यांसाठी. तुम्ही समुपदेशक व्हावं असं माझं म्हणणं नाही. दार कुठे आहे ते तुम्हाला माहीत असावं आणि तिथपर्यंत तुम्ही सोबत जावं, इतकंच.

आता शेरा. तुम्ही त्या समितीच्या निमंत्रक आहात, तेव्हा तुमचे शब्द तिथे जड पडतात. खोटा अहवाल लिहू नका. काम थांबलंय हे लिहाच, पण का थांबलं आणि आपण काय करतो आहोत, तेही लिहा. समितीचं काम नुसती हजेरी घेण्याचं नाही. प्रगती कमी असेल तर कारणं नोंदवून उपाय सुचवणं हे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०२२ च्या नियमांतच आहे. त्याच नियमांप्रमाणे नोंदणीपासून सहा वर्षं मिळतात, म्हणजे त्याला जानेवारी २०२९ पर्यंत मुदत आहे. पुढे पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षं मिळू शकतात. हे त्याला कागदावर आकडे मांडून दाखवा. मुलांना वाटत असतं की सगळं संपलं, आणि मुदत नक्की किती उरली हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. शोधनिबंध छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची सक्तीही त्या नियमांत राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे ते बघून घ्या, नाहीतर पोरं पैसे भरून कुठेतरी छापत बसतात.

आणि त्याला दुसरा गाईड हवा असेल तर? हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारला नाहीत, पण मला विचारावासा वाटतो. तसं झालं तर मन मोठं करून सही द्या. त्याचं काम पुरं होणं महत्त्वाचं.

‘आमच्या वेळी’ याबद्दल थोडं. तुम्ही पुरं केलंत, खरं आहे. पण सरांना भिऊन मध्येच सोडून गेलेली मुलं तुम्हाला आठवतात का? त्यांच्या नावापुढे काही लागलं नाही, म्हणून ती कुणाच्या मोजणीत नाहीत. शिवाय तुमच्या वेळी पीएच.डी. झाल्यावर नोकरीची आशा आजच्यापेक्षा बरी होती. भीती सोसून पलीकडे काहीतरी मिळेल असं दिसत होतं. या मुलाला पलीकडे पुन्हा तासिकाच दिसते.

माझा खरा आग्रह पुढच्या गोष्टीसाठी आहे. तुमचे पाच विद्यार्थी एकमेकांना कितपत ओळखतात? प्रयोगशाळेत काम करणारी मुलं निदान एका ओट्याशी उभी असतात, एकाचं बिघडलं तर दुसऱ्याला दिसतं. इतिहासाचा विद्यार्थी मात्र एकटा दप्तरखान्यात, एकटा एसटीत आणि रात्री एकटाच लॅपटॉपसमोर. पाचही जण फक्त तुम्हाला भेटतात, तेही प्रकरण हातात घेऊन, निकाल ऐकायला आल्यासारखे. मग भीती वाटणारच.

तुमच्या विषयात यावर चांगला उपाय आहे, मोडी, जुन्या मराठी कागदांची ती लिपी. एकट्याने मोडी वाचताना माणूस एका अक्षरापाशी तासभर अडतो. चौघं बसली की एकाला ‘स’ लागतो, दुसरा म्हणतो हे गावाचं नाव असणार, तिसरीला ते गाव माहीत असतं. आठवड्यातला एक वार ठरवा, समजा बुधवार, दुपारी चार ते सहा. प्रत्येकाने आपल्या कामातला एक न लागलेला कागद आणायचा. निजामाच्या काळातली उर्दू कागदपत्रं असतील तर उर्दू जाणणारं कुणी बोलवा, तुमच्या गावात नक्की सापडेल. त्या दोन तासांत प्रबंधाचा विषय काढायचा नाही, शेरे मारायचे नाहीत. आणि तुम्हालाही जो शब्द लागत नाही तो त्यांच्यासमोर मोकळेपणाने सांगा: “मलाही लागत नाहीये रे हा.” गाईडच्या तोंडून हे वाक्य त्या मुलांनी ऐकलं पाहिजे. चहा तुमच्याकडून.

कागदांच्या शोधात गावोगाव फिरणारे इतिहासकार वि. का. राजवाडे तुम्ही मुलांना शिकवता. त्या हट्टी माणसालाही १९१० मध्ये पुण्यात सरदार मेहेंदळ्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळ काढावंसं वाटलंच. सापडलेला कागद चारचौघांत वाचून दाखवायला जागा लागते, ऐकणारी माणसं लागतात.

या बुधवारांतून पोटापाण्याचाही विचार होईल. २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची केवढी गरज पडली ते तुम्ही जवळून पाहिलं असेल. जमिनीचे जुने दस्त, संग्रहालयं, घराण्यांची दप्तरं, सगळीकडे वाचणारे हात कमी आहेत. प्राध्यापकाची जागा निघेपर्यंत, किंवा निघालीच नाही तरी, हे कौशल्य त्यांच्याजवळ राहील. पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे वर्ग असतात, पाचही जणांना तिकडे पाठवा. अखिल महाराष्ट्र इतिहास परिषदेच्या अधिवेशनाला सगळ्यांना एका एसटीने घेऊन जा. विषयाशी निगडित अध्यापन आणि लेखनाचं प्रशिक्षण हेही पीएच.डी.च्या नियमांतच आहे, तेव्हा तुमच्या एम.ए.च्या वर्गावर त्यांना एखादा तास घेऊ द्या आणि मागच्या बाकावर बसून ऐका. नंतर काय चांगलं झालं ते आधी सांगा. तुमच्या त्या विद्यार्थ्याला वर्गाचा अनुभव आहे, पण त्याचा तास आजवर कुणी ऐकून घेतला असेल असं मला वाटत नाही.

आणखी एक. तुमची भीती वाटते असं सांगणाऱ्या त्या विद्यार्थिनीला उद्याच भेटा. तुमच्याच हातात तिचा प्रबंध असताना ती हे बोलली. तिला म्हणा, “बरं झालं सांगितलंस.” आणि तिचं पुढचं प्रकरण आलं की परवाचा राग पूर्ण निवल्याशिवाय त्यावर लाल पेन टेकवू नका.

– ताई