लेथसाठी (जॉब फिरवून धातू कापायचं यंत्र) आरपीएम-फीड, म्हणजे मिनिटाला किती फेरे आणि टूल किती वेगाने सरकवायचं, हे सुचवणारं ॲप बनवलंय. टूल विकायला आलेला माणूस म्हणतो, अमेरिकन कंपनीचं पेटंट आडवं येईल. खरं का?

भाऊ, मी वकील नाही. हिंगणघाटकडे थ्रेशर-रोटाव्हेटरचे शाफ्ट टर्न करतो, पण अशी कागदपत्रं वाचायची खोड आहे. त्या टूलवाल्याने तुम्हाला उगाच घाबरवलं.

अमेरिकेचं पेटंट अमेरिकेपुरतं. तेच पेटंट भारतात घेतलंय का आणि अजून चालू आहे का, हे पेटंट ऑफिसच्या इनपास साइटवर फुकट पाहता येतं. सापडलं तर शीर्षकावर जाऊ नका, क्लेम वाचा, म्हणजे पेटंट नक्की कशावर हक्क सांगतं ते. स्पिंडलचा (जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा) लोड मोजून चालू कटमध्ये फीड बदलणं, असा क्लेम असेल आणि तुमचं ॲप नुसता आकडा दाखवत असेल, तर तो क्लेम तुम्हाला लागत नाही.

आकडा काढणं तर जुनंच काम. मिनिटाला १०० मीटरचा कटिंग स्पीड, ५० मिमी व्यासाचा जॉब, म्हणजे साधारण ६३७ आरपीएम. हे आयटीआयचं पोरगंही काढतं. टूल किती वेळ टिकेल याचं समीकरण अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलरने १९०६ मध्ये मांडलं. त्याआधीच, १९०४ मध्ये, बार्थ, गँट आणि टेलर यांना स्लाइड रूलवर (सरकवून हिशेब करायची पट्टी) अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. स्पीड-फीड निवडायला ती पट्टी वापरत. म्हणजे हा वाद कॉम्प्युटरहून म्हातारा आहे.

खरी मेख कुठे, ते अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या दोन निकालांत दिसतं. १९७८ च्या फ्लूक खटल्यात सूत्राने अलार्मची मर्यादा नव्याने काढायची होती, पेटंट नाकारलं. १९८१ च्या डीअर खटल्यात कॉम्प्युटर रबर शिजायचा वेळ पुन्हापुन्हा मोजून वेळेवर प्रेस उघडायचा. ते पेटंटयोग्य ठरलं, तेही ५-४ नेच. नुसता आकडा काढणं वेगळं, त्यावर यंत्र चालवणं वेगळं; मला हा फरक पटतो.

आपल्याकडे पेटंट कायद्याचं कलम ३(के) नुसत्या प्रोग्रॅमला, अल्गोरिदमला आणि गणिती पद्धतीला पेटंट देत नाही. पण फरीद अलानी प्रकरणात दिल्ली हायकोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की प्रोग्रॅम आहे एवढ्यावरून अर्ज फेटाळू नका, तांत्रिक परिणाम पाहा.

म्हणून तुम्हालाच पेटंट हवं असेल तर आजचं ॲप पुरणार नाही. मोटरचा करंट वाचून ते फीड आपोआप कमी करत असेल, तर बोलणं होऊ शकतं. तोवर व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका, नाहीतर पेटंटला लागणारं नावीन्य तिथेच गेलं. महाराष्ट्राचे अर्ज मुंबई ऑफिसकडे जातात, ऑनलाइन भरता येतात.