जपानी ‘हाय’ म्हणजे होकार नव्हे

पुढच्या महिन्यात टोकियोला पहिलीच मीटिंग आहे, किती वाकायचं आणि कार्ड कसं द्यायचं, असं तुम्ही विचारलंय.

वाकण्याची चिंता सोडा, कमरेतून थोडं झुकलात की भागतं. कार्ड उभं राहून, दोन्ही हातांनी, अक्षरं समोरच्याकडे करून द्या. त्यांचं कार्ड नीट वाचा आणि मीटिंग संपेपर्यंत टेबलावर समोर राहू द्या. त्यावर पेन चालवू नका, मागच्या खिशात तर मुळीच कोंबू नका.

खरी गोची होते ती बोलण्यात. माझ्या पहिल्या डेमोला समोरची मंडळी दर वाक्याला ‘हाय, हाय’ करत माना डोलावत होती. शेवटी ‘केन्तो शिमास’, म्हणजे विचार करतो, म्हणाली. मी बाहेर येऊन साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, काम झालं! मग तीन आठवडे मेलची वाट बघत बसलो.

‘हाय’ म्हणजे बऱ्याचदा ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढंच. गोष्ट ऐकताना आपण हुंकार देतो ना, तसं. त्याला ते आइझुची म्हणतात. आणि ‘केन्तो शिमास’ किंवा सुस्कारा टाकत ‘चोत्तो मुझुकाशी’ (जरा अवघड आहे) ऐकू आलं, की बहुतेक वेळा पत्रिका जुळलेली नसते. स्थळ नाकारताना आपण तरी कुठे तोंडावर नाही म्हणतो?

शिवाय निर्णय अनेकदा मीटिंगच्या आधीच झालेला असतो. झाड हलवण्यापूर्वी मुळांभोवती खणून तयारी करतात, ती नेमावाशी. ऑफिसातही तोच शब्द: आधी एकेकाला गाठून त्याचं मत घ्यायचं. म्हणून प्रेझेंटेशन आठवडाभर आधी पाठवा आणि शंका असतील तर तेव्हाच कळवायची विनंती करा. भर बैठकीत नवा मुद्दा काढून ‘हो की नाही’ विचारू नका.

जपानी बोलणार असाल तर आणखी एक. समोरच्यांच्या आडनावाला ‘सान’ लावा, स्वतःच्या कधीच नाही. क्लायंटपुढे स्वतःच्या साहेबांनासुद्धा ‘सान’ नाही, कारण तिथे ते आपल्या घरचे. ‘आमचा कुलकर्णी येतोय’ म्हणण्यासारखंच हे! मराठी जीभ अडखळते. माझी अजूनही अडखळते.

जाताना खाऊ जरूर न्या, पण सुट्ट्या छोट्या पाकिटांतला. तो ऑफिसभर टेबलाटेबलावर वाटला जातो, कापून वाटायची मिठाई नेलीत तर त्यांचीच पंचाईत.