पाय कुणाचे हलले?

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. घोडा पाच वर्षांचा, स्वभावाने गोड, कुणालाही चावत नाही, लाथ मारत नाही. पण कुरणाच्या फाटकातून बाहेर काढलास की तुला ओढत रस्त्याकडेच्या गवतावर नेतो आणि मान खाली घालतो. वर बसलीस की चार पावलं चालून थांबतो. तबेल्यातलं कुणी म्हणालं, फ्योर्ड, म्हणजे आपल्या नॉर्वेतल्या या बुटक्या, दणकट जातीचे घोडे असेच हट्टी असतात. कुणी म्हणालं, तोंडात लगामाची कडक कडी घाल. आणि आता तू त्याला विकायची जाहिरातही लिहून ठेवली आहेस.

जाहिरात फाडून टाक. कडीचा विचारही डोक्यातून काढ. घोडं कुठे पेंड खातंय ते तुझ्याच पत्रात आहे. जाता जाता लिहून गेलीस ते वाक्य: 'तो खांद्याने ढकलतो तेव्हा मी जरा बाजूला होते, नाहीतर माझ्या पायावर पाय देईल.' ते 'जरा बाजूला होणं' हेच तुझं सगळं दुखणं आहे. पाय कुणाचे हलले? तुझे. दिवसातून किती वेळा? फाटकाशी, खरारा करताना, खोगीर घालताना, तोबरा आणून ठेवताना. तू त्याला फक्त तासभर शिकवतेस आणि तो तुला उरलेला सगळा वेळ शिकवतो. मग जिंकणार कोण, हे मी सांगायला हवं का?

हा प्रश्न मला माझ्या सासऱ्यांनी शिकवला. पश्चिम नॉर्वेतल्या नॉर्डफ्योर्डमधलं त्यांचं शेत तू पाहिलंस तर तुला शेत म्हणवणार नाही, इतका उतार. ट्रॅक्टर यायच्या आधी तिथली सगळी कामं फ्योर्ड घोड्यावर चालत: नांगर, लाकडाचे ओंडके, तारांवर वाळवलेलं गवत. माणूस गवत रचत असताना घोड्याने एक पाऊल इकडचं तिकडे केलं तर भारा, बिनचाकी घसरगाडी आणि कधी माणूससुद्धा खाली जायचा. म्हणून 'प्त्रो' म्हटलं की घोडा थांबलाच पाहिजे, आणि थांबला की पुन्हा सांगेपर्यंत हलता कामा नये. सासरे कधी ओरडायचे नाहीत. घोडा अर्धं पाऊल पुढे आला की दोरीचं टोक जरासं हलवायचे, तो ते अर्धं पाऊल मागे जाईपर्यंत थांबायचे, आणि गेला की हात लगेच सैल. मी पहिल्या हिवाळ्यात त्यांच्या शेजारी उभी राहून घोड्याकडे बघत होते. ते म्हणाले, घोड्याच्या तोंडाकडे काय बघतेस, पायांकडे बघ. स्वतःच्याही.

तू पुण्यात घोड्यावर बसायला शिकलीस ती रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेड जातीच्या घोड्यांवर. टाच लागायचा अवकाश की घोडा निघाला. मांड तुझी पक्की आहे, त्याबद्दल मला शंका नाही. पण थरोब्रेड घाबरला की पळतो, आणि फ्योर्ड घाबरला किंवा गोंधळला की बहुतेक वेळा पाय रोवून उभा राहतो आणि विचार करत बसतो. त्याला तू टाच मारतेस, तो हलत नाही, पुन्हा मारतेस, पुन्हा मारतेस. दहाव्या टाचेला तो टाच म्हणजे काय हेच विसरलेला असतो. त्याला लोक हट्टी म्हणतात. मला या शब्दाचा राग येतो. एकदा हळू सांग. नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा असं सांग की ऐकावंच लागेल. आणि पाऊल पडल्या क्षणी पाय गप्प. त्या क्षणी मिळालेली सुटका घोड्याला शिकवते, टाच शिकवत नाही. पण हे सगळं नंतरचं. जो घोडा जमिनीवर तुला बाजूला सारतो तो पाठीवर बसल्यावर तुझं का ऐकेल?

आता फाटकापाशी काय करायचं ते नीट वाच, कारण फ्योर्डची ताकद मानेत आहे. उंचीला तो जेमतेम 135 ते 150 सेंटिमीटर, म्हणून माणसं फसतात. तुझा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा आहे, आणि मान म्हणजे नुसता खांब. तो काय करतो? नाक तुझ्यापासून पलीकडे वळवतो, मान सरळ करतो, खांदा तुझ्या अंगावर टाकतो आणि निघतो. मान एकदा सरळ झाली की तू दोरीला लोंबकळून उपयोग नाही, तीन पुरुष लोंबकळले तरी नाही. म्हणून ते सगळं व्हायच्या आधी पकड. कान गवताकडे गेले, नाक चार बोटं पलीकडे गेलं, तेवढ्यातच नाक आपल्याकडे वळव. वाकलेल्या मानेने त्याला जोर लावता येत नाही. मग तू जागेवर उभी राहा आणि त्याचे मागचे पाय तुझ्याभोवती फिरू देत. दोनच पावलं. थांब, दोरी सैल सोड, मानेवर हात फिरव, आणि पुन्हा निघ. पाय कुणाचे हलले? त्याचे. फाटकापासून तबेल्यापर्यंत जायला तासभर लागला तर लागू दे. हातमोजे घाल, दोरी लांब घे, आणि ती हाताला गुंडाळू नकोस, कधीच नाही.

तू म्हणशील, दोन घास गवताने काय बिघडतं? फार बिघडतं. हा घोडा दगड-धोंड्यांच्या, पावसाळी, कंजूष जमिनीवर घडलेला आहे. हवेवर जगल्यासारखा तो थोडक्यात पोसला जातो. त्याला मे महिन्यातलं कोवळं गवत म्हणजे मधुमेही माणसापुढे आमरसाचं पातेलं. लॅमिनायटिस हा शब्द तू ऐकला असशील: खुराच्या आतल्या थराचा दाह, ज्यात हाड आणि खुराचं कवच यांना धरून ठेवणारी पकड सुटू लागते. खूर गरम लागतात, घोट्याजवळची नाडी ठणठण उडते, घोडा वजन मागे टाकून अवघडून उभा राहतो. हे ज्याने एकदा पाहिलं तो फाटकापाशी दोन घासही देत नाही. ऊन असलेल्या पण थंड पडलेल्या सकाळी तर अजिबात नको. रात्री कडाक्याची थंडी पडली की गवत वाढत नाही आणि उन्हात तयार झालेली साखर पात्यातच साठून राहते. वैरण वजन करून घाल, डोळ्यांच्या अंदाजाने नाही. तळहात सपाट फिरवलास की फासळ्या लागल्या पाहिजेत. फ्योर्डची मान मुळातच जाड असते, म्हणून मानेकडे नुसतं बघून कळत नाही. आयाळीखालचा भाग दोन्ही हातांनी धरून हलव. मऊ हलला तर ठीक, लाकडासारखा कडक लागला तर त्याच दिवशी पशुवैद्याला फोन कर. म्हणजे बघ, ज्या घोड्याला तू फाटकापाशी थांबवू शकत नाहीस त्याचे खूरही तू वाचवू शकत नाहीस. मी शिस्तीसाठी शिस्त सांगत नाहीये.

खोगिराचं थोडक्यात सांगते. फ्योर्डची पाठ गोल, खांद्याचा उंचवटा जवळपास नाही, त्यामुळे खोगीर पुढे सरकतं किंवा कुशीवर फिरतं. रिकिबीत पाय ठेवून जमिनीवरून चढणं बंद कर, उंच ठोकळा घे. खोगीर बसवणाऱ्या जाणत्या माणसाला बोलव, आणि वर्षभराने पुन्हा बोलव, कारण पाच वर्षांचा फ्योर्ड अजून पुरता भरलेला नसतो. तू चढताना तो चालू लागतो असं लिहिलंस. खोगीर टोचत असेल तर तो बरोबर आहे. टोचत नसेल तर उतर, पहिल्या जागी आण आणि पुन्हा. त्याच्या पायांना तू 'निघ' म्हणेपर्यंत निघायची मुभा नाही.

तुला वाटेल, ही बाई एका पावलासाठी किती कटकट करते! मी का करते ते ऐक. आज जगात जेवढे शुद्ध फ्योर्ड आहेत त्या सगळ्यांच्या वंशावळीत 1891 साली जन्मलेला न्यॉल नावाचा घोडा आहे. त्याच सुमारास इथल्या शेतकऱ्यांना मोठ्या अंगाचा घोडा हवा होता, म्हणून पूर्वेकडच्या डोले जातीचं रक्त मिसळून पाहिलं गेलं. रिमफाक्से नावाच्या संकरित घोड्याची पहिली पिढी दिसायला झोकदार निघाली. पुढच्या पिढीत रंग बिघडले, स्वभाव बिघडले. 1907 मध्ये वेस्टलांडच्या, म्हणजे पश्चिम नॉर्वेच्या, पैदासकारांनी तो सगळा वंश पैदाशीतून काढून टाकला. विचार कर, गरीब शेतकरी, हातातली उमदी जनावरं, आणि तरी स्वभावासाठी एवढा मोठा निर्णय घेतला. तुझ्या घोड्याचं ते गोड शहाणपण त्या लोकांनी राखलेलं आहे. ते तू फाटकापाशी अर्ध्या अर्ध्या पावलाने घालवते आहेस, आणि वर त्यालाच हट्टी म्हणतेस.

एक घोडी मी विकली होती. करड्या रंगाची, मी स्वतः वाढवलेली, घसरगाडीलाही चालणारी आणि लहान मुलांनाही. घेणारं कुटुंब भलं होतं, मुलं तिच्या गळ्यात पडत होती. पुढच्या उन्हाळ्यात भेटायला गेले. घरमालक तिला घेऊन आले, तिने सहज खांदा टेकवला आणि ते हसत मागे सरकले. 'प्रेमळ आहे,' म्हणाले. मी तिथेच सांगितलं, पाय तुमचे हलले, हे थांबवा. त्यांना ते आवडलं नाही, चहासुद्धा अर्धवट राहिला. पुढे तिने त्यांच्या धाकट्या मुलाला कुंपणावर दाबलं, मग ती दुसरीकडे गेली, तिथून तिसरीकडे, आणि प्रत्येक घरी तिची कीर्ती आधीच पोचलेली: धोकादायक. ती घोडी धोकादायक! माझ्याकडे तिने एका कोंबडीलाही पाय लावला नव्हता. तिला परत आणायला निघाले तोवर उशीर झाला होता. तिची खंत मला आजही आहे, आणि म्हणूनच तुझी ती जाहिरात वाचून माझं डोकं फिरलं. तू तुझा घोडा विकशील तेव्हा घोड्याबरोबर त्याची सवयही विकशील, आणि पुढचा माणूस तुझ्याइतका हळवा असेलच असं नाही.

लोक मला कडक म्हणतात. पाहुण्यांना मी हातावरून साखर भरवू देत नाही, हे मंडळाच्या गणपतीला आलेल्या सगळ्यांना माहीत आहे. माझी स्वतःची लेक बारा वर्षांची होती तेव्हा घोड्याच्या गळ्याला मिठी मारायची, तो रेटायचा, ती मागे सरकायची, आणि मी तिच्या मैत्रिणींसमोर ओरडायचे, 'पाय कुणाचे हलले?' एक दिवस ती हँडबॉल खेळायला गेली ती पुन्हा तबेल्यात आली नाही. आता ट्रॉन्डहाइमला असते, सुट्टीत घरी येते, पण घोड्यांकडे जात नाही. याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. पण साडेचारशे किलोचं जनावर आणि तीस-पस्तीस किलोची पोर, अशा वेळी आईने काय करायचं? गप्प बसायचं? तिचे पाय, बरगड्या, डोकं आज धड आहे. मी हळू आवाजात सांगायला हवं होतं असं तिचे वडील म्हणतात. असेल. पण सांगायला तर हवंच होतं.

तुला मी हळू आवाजात सांगते आहे असं समज. तुझ्या पत्रात एक गोष्ट मला फार आवडली: आयाळ तू स्वतः कापतेस. दोन्ही बाजूंचे फिके केस खाली घ्यायचे, मधली काळी रेघ बोटभर वर ठेवायची आणि मानेवर चंद्रकोर उतरवायची, हे काम हात थरथरला की फसतं. तेव्हा तो उभा राहतो ना? तू लिहिलं आहेस, अर्धा तास दगडासारखा उभा राहतो. कारण तेव्हा तुझं लक्ष पूर्ण त्याच्यावर असतं, आणि कात्रीमुळे तू एक पाऊलही मागे घेत नाहीस. म्हणजे दोघांनाही येतं. फाटकापाशी तुझं लक्ष फोनमध्ये असतं, नाहीतर पावसात. बर्गनला पाऊस थांबायची वाट बघत बसलीस तर घोडा पाळूच नकोस.

आणखी एक. बसायच्या आधी महिनाभर त्याला दोन लांब दोऱ्यांवर मागून चालव, रानातल्या वाटेने, डांबरी रस्त्यावर नको. फ्योर्ड ओढायच्या कामात फुलतो. त्याला पुढे जायचं काम आणि थांबायचं काम असं दोन्ही कळू दे. मग एखादा हलका ओंडका बांध, पण पहिल्यांदा तो आवाज मागून आला की तो दचकेल, म्हणून ओंडका आधी दुसऱ्या कुणाला त्याच्या पुढून ओढायला सांग. तुझ्याजवळ जाणतं माणूस नसेल तर हे एकटीने करू नकोस.

येत्या शनिवारी इकडे ये. खोगीर आणू नकोस, म्होरकी आणि लांब दोरी पुरे, बूट मात्र जाड तळव्यांचे घाल. माझी म्हातारी घोडी तुला फाटकापासून तबेल्यापर्यंत नेईल, आणि जाताना वाटेत कुठे तुझा पाय सरकतो ते मी तुला तिथल्या तिथे दाखवेन. नालबंद दुपारी येणार आहे, खुरांबद्दल काय विचारायचं ते त्याला विचार. तोवर तुझ्या घोड्याची वैरण तोलून बघ आणि आकडा लिहून आण.

तुझी,
मावशी