ओशाचं ३० तासांचं सेफ्टी कार्ड हरवलंय, दुसरं कसं मिळेल?

भाऊ, तुमचा प्रश्न वाचला. ठाणे स्टेशनला पाकीट मारलं गेलं, त्यात ओशाचं, म्हणजे अमेरिकेच्या कामगार सुरक्षा संस्थेचं, ३० तासांचं कन्स्ट्रक्शन सेफ्टीचं कार्ड होतं, ३ वर्षांपूर्वी वाशीच्या एका क्लासमधून केलेलं, आता कतारच्या कंपनीचा इंटरव्ह्यू १२ दिवसांवर आलाय आणि कोणी एजंट २५०० रुपयांत सेम टू सेम कार्ड करून देतो म्हणतोय. मी ऐरोलीला राहतो, १४ वर्षं साइटवर सेफ्टीचंच काम करतोय, घोडबंदर रोडच्या टॉवरपासून तळोज्याच्या शेडपर्यंत, आणि माझं स्वतःचं कार्डही असंच ट्रान्स हार्बर लोकलच्या गर्दीत गेलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या एजंटला एक रुपया देऊ नका, हे आधी सांगून टाकतो.

पहिल्यांदा पोलिसात नोंद करा. स्टेशनात किंवा गाडीत गेलं असेल तर ते रेल्वे पोलिसांकडे, म्हणजे जीआरपीकडे, ठाणे स्टेशनलाच त्यांचं ठाणं आहे, हेल्पलाइन १५१२. स्टेशनाबाहेर गेलं असेल तर ज्या हद्दीत गेलं तिथलं पोलीस स्टेशन. तक्रारीत पाकिटातल्या वस्तू सांगताना 'ओळखपत्रं वगैरे' असं मोघम लिहू देऊ नका, सेफ्टी ट्रेनिंगचं कार्ड, कोणाकडून मिळालेलं, कुठल्या साली, असं स्पष्ट लिहून घ्या आणि शिक्क्याची कॉपी मागा. इंटरव्ह्यूला तोच पहिला कागद उपयोगी पडतो.

आता मुद्द्याचं. तुमचं हरवलेलं कार्ड नक्की कोणी दिलेलं होतं? हा प्रश्न विचित्र वाटेल पण सगळं ह्याच्यावर अडलंय, कारण दुसरं कार्ड फक्त तोच देऊ शकतो ज्याच्या रजिस्टरला तुमचं नाव आहे.

ओशा म्हणजे अमेरिकेच्या कामगार खात्याची संस्था, १९७० च्या त्यांच्या कायद्यावरून १९७१ मध्ये सुरू झालेली. त्यांचे दोन कोर्स लोकांना माहीत असतात, कामगारांसाठी १० तासांचा आणि सुपरवायझर वगैरे लोकांसाठी ३० तासांचा. ओशा स्वतः शिकवत नाही, त्यांनी मान्यता दिलेले ट्रेनर शिकवतात, आणि ट्रेनरला कार्डं मिळतात ती त्यांच्या ट्रेनिंग सेंटरकडून. कोर्स संपल्यापासून ९० दिवसांत ट्रेनरने कार्ड विद्यार्थ्याच्या हातात द्यायचं असतं. त्यावर तुमचं नाव, ट्रेनरचं नाव, तारीख आणि त्यांच्या कामगार खात्याचं नाव असतं. आणि लोकांचा मोठा गैरसमज म्हणजे अमेरिकेत कुठेतरी सगळ्यांची यादी असते आणि ओशाला मेल टाकला की नवीन कार्ड येतं. तसं नाही. ओशाकडे विद्यार्थ्यांचं रेकॉर्ड नसतं. कार्ड हरवलं तर ट्रेनरला गाठायचं, ट्रेनर त्याच्या सेंटरला कळवतो, सेंटर थोडी फी घेऊन दुसरं कार्ड पाठवतं. एका कोर्सचं दुसरं कार्ड एकदाच मिळतं, आणि कोर्स होऊन ५ वर्षं उलटली असतील तर मिळतच नाही, परत ३० तास बसावं लागतं. ट्रेनरने रेकॉर्ड ठेवायचं तेही ५ वर्षंच. माझा मामेभाऊ न्यू जर्सीत साइट इंजिनियर आहे, त्याचं हरवलं तेव्हा त्याने ट्रेनरला एक मेल टाकला, नाव, कोर्सची तारीख, जागा, पत्ता एवढंच, आणि काही आठवड्यांनी पोस्टाने घरी आलं.

पण भाऊ, तुमची गोष्ट वेगळी असण्याची शक्यता जास्त आहे आणि हे ऐकायला वाईट वाटेल. ओशाचा हा कोर्स, खास परवानगी सोडली तर, अमेरिकेच्या हद्दीतच घ्यायचा असा त्यांचाच नियम आहे, ऑनलाइन असला तरी. म्हणजे वाशीच्या वर्गात बसून केलेल्या कोर्सचं कार्ड त्यांच्या कामगार खात्याचं असणं जवळपास अशक्य, ते त्या क्लासचं स्वतःचं सर्टिफिकेट असणार, फार तर ओशाच्या नियमांवर आधारित. आपल्याकडे दोन्हीला सरसकट 'ओशा केलंय' म्हणतात आणि घोळ तिथेच होतो.

अजून एक खूण सांगतो. खऱ्या कोर्सला दिवसाला साडेसात तासांच्या वर शिकवता येत नाही, त्यामुळे ३० तासांना कमीत कमी ४ दिवस लागतातच. तुमचा शनिवार-रविवार दोन दिवसांत उरकला असेल तर उत्तर तिथेच मिळालं. नाहीतर जुना फोटो शोधा, व्हॉट्सॲपवर कोणाला पाठवला असेल, आधीच्या कंपनीच्या एचआरकडे झेरॉक्स असेल, मेलमध्ये स्कॅन असेल, आणि त्यावर खाली कोणाचं नाव छापलंय ते बघा.

माझं सांगतो. २०१८ मध्ये रबाळे ते घणसोलीच्या मधे माझं पाकीट गेलं. मी पण तुमच्यासारखाच डुप्लिकेटच्या मागे, क्लासचा नंबर लावला तर बंद, रविवारी कोपरखैरणेला जाऊन बघतो तर त्या गाळ्यात मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. दुकानवाला म्हणाला तुम्ही ह्या महिन्यातले चौथे. मग एका जुन्या मित्राने त्याचं सर्टिफिकेट काढून दाखवलं, दोघं एकाच बॅचला होतो, आणि तेव्हा मी पहिल्यांदा ते नीट वाचलं. अमेरिकेच्या कुठल्याच खात्याचा त्यात उल्लेख नव्हता. फीचे पैसे मी बायकोचं मंगळसूत्र गहाण ठेवून भरले होते. त्या रात्री झोप लागली नाही, पैशासाठी नाही, ५ वर्षं प्रत्येक बायोडेटात मी जे लिहीत होतो ते खरं नव्हतं म्हणून, आणि मला ते माहीतही नव्हतं. क्लासने आम्हाला तसं सांगितलं नव्हतं ह्याचा राग अजून आहे.

तरी शिकवलं ते वाया गेलं असं मी म्हणणार नाही. आमचे सर चांगले होते. उंचावरून पडणं, अंगावर काही येऊन आदळणं, दोन वस्तूंच्या मधे किंवा ढिगाऱ्याखाली सापडणं आणि शॉक लागणं, बांधकामावर माणसं मुख्यतः ह्या चारांनी मरतात हे मी त्यांच्याकडून शिकलो आणि आजही सकाळच्या टूलबॉक्स टॉकमध्ये, म्हणजे काम सुरू करायच्या आधी सेफ्टीचं दोन शब्द बोलतो त्यात, तेच चार सांगतो. तुम्हीही ते शिकला असाल तर तुमचं शिकणं पाकिटाबरोबर गेलेलं नाही.

म्हणून आता १२ दिवसांत काय करायचं. क्लास चालू असेल तर स्वतः जा, फोनवर टाळतात. फीची पावती, नसेल तर पैसे दिल्याचं बँक स्टेटमेंट, पोलिसांची कॉपी आणि आधार घेऊन जा. डुप्लिकेट सर्टिफिकेट तर मागाच, पण त्यापेक्षा लेटरहेडवर पत्र मागा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत इतके तास ट्रेनिंग घेतलं, सर्टिफिकेट नंबर अमुक, आणि खाली असा फोन नंबर जो कतारवाल्यांनी लावला तर कोणीतरी उचलेल. क्लास बंद झाला असेल तर बॅचमधल्या दोघा-तिघांना शोधा, कोणाकडे तरी ट्रेनरचा नंबर असतोच, मला माझ्या सरांचा तसाच मिळाला आणि त्यांनी हाताने लिहून पत्र दिलं. शिवाय ३ वर्षं ज्या साइटवर काम केलंत तिथल्या सेफ्टी ऑफिसरकडून अनुभवाचं पत्र घ्या, त्यात तुम्ही नक्की काय बघत होतात, स्कॅफोल्डिंगची तपासणी, उंचीवरच्या कामाची परवानगी (हाइट परमिट), खोदकाम, हे लिहून घ्या.

आणि बायोडेटात बदल करा. 'ओशा ३० तास' एवढंच लिहू नका, 'ओशाच्या नियमांवर आधारित ३० तासांचं कन्स्ट्रक्शन सेफ्टी ट्रेनिंग' असं लिहा आणि पुढे क्लासचं नाव. मी तसं लिहून पुढच्या इंटरव्ह्यूला गेलो तेव्हा समोरचा साहेब म्हणाला, बरं झालं खरं लिहिलंत, आज सकाळपासून तिघांनी मला खोटं कार्ड दाखवलं. नोकरी मिळाली.

एजंटचं परत सांगतो कारण तुमच्या लिहिण्यात वाटतंय की तुमचं मन तिकडे झुकतंय. बनावट कार्ड करणं आणि ते खरं म्हणून दाखवणं, दोन्ही आपल्याकडे गुन्हा आहे. त्यात कार्डावर ट्रेनरचं नाव असतं, त्याला एक मेल गेला की संपलं, आणि हे कतारला जाऊन कळलं तर तिथे तुमच्या बाजूने कोण उभं राहणार? हाच एजंट नोकरीही लावून देतोय का? तर मग परदेशी नोकरीसाठीच्या सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर त्याचं नाव आहे का ते बघा, रजिस्टर्ड एजंटलासुद्धा सर्व्हिस चार्ज ३०,००० रुपये अधिक जीएसटी ह्याच्या वर घेता येत नाही.

हे मी इतकं जीव तोडून का लिहितोय ते सांगतो. ठाण्याच्या एका साइटवर एका पोराचा हाइट पास, म्हणजे उंचीवर काम करायचा पास, हरवला. नवीन पास म्हणजे परत मेडिकल, परत उंचीवर चक्कर येते का ते बघायची व्हर्टिगो टेस्ट, अर्धा दिवस आणि अर्ध्या दिवसाची हजेरी गेली, म्हणून त्याच्या मुकादमाने गावी गेलेल्या दुसऱ्याचा पास त्याच्या गळ्यात घातला. नंतर कळलं की त्याचा हरवलेला पाससुद्धा असाच कोणाचातरी होता, त्या पोराने ट्रेनिंग कधी घेतलंच नव्हतं. डबल हुकचा हार्नेस (सेफ्टीचा पट्टा) अंगात होता, पण एक हुक सोडायच्या आधी दुसरा अडकवायचा असतो हे त्याला कोणी दाखवलंच नव्हतं, पुढे सरकताना दोन्ही सोडले. खाली जाळी होती म्हणून गळ्याचं हाड मोडण्यावर भागलं. सिव्हिल हॉस्पिटलच्या बाहेर त्याची आई मला विचारत होती, साहेब कार्ड तर होतं ना त्याच्याकडे.

ज्यांचं नुसतं साइटचं इंडक्शन कार्ड (साइटवर सुरुवातीला सेफ्टीची माहिती देतात त्याचं) किंवा हाइट पास हरवलाय आणि शोधत इथे आले असतील त्यांनी सरळ सेफ्टी ऑफिसरकडे जा, रजिस्टरला नाव असतं, फार तर परत इंडक्शनला बसवतील, तासाभराचं काम आहे, हाइट पासला परत मेडिकल लागलं तर अर्धा दिवस, बसा. आणि कल्याणकारी मंडळाचं बांधकाम कामगाराचं कार्ड हे पूर्ण वेगळं, ते योजनांसाठी आहे, त्याचा ट्रेनिंगशी संबंध नाही, त्याच्यासाठी मंडळाच्याच ऑफिसला जायचं.

भाऊ, जुना फोटो सापडला तर नाव आणि नंबर झाकून इथे टाका, कोणाचं कार्ड आहे ते मी बघून सांगतो. आणि ट्रेनर सापडला तर मेलमध्ये पूर्ण नाव, बॅचच्या तारखा, वर्गाचा पत्ता आणि पोलिसांच्या कॉपीचा फोटो हे चारही पहिल्याच मेलमध्ये घाला, एकेक करून मागवण्यात तुमचे दिवस जातील.