क्यूआर कोडने भूमिती समजते का?

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. भूमितीचा अभ्यास म्हणून ती पुस्तकातले क्यूआर कोड मोबाइलवर उघडून बसते. यातून खरोखर काही पदरात पडते, की नुसता वेळ जातो? – एक पालक, जुळे सोलापूर

उत्तर : हा प्रश्न सोलापुरातून यावा, हे साजेसेच आहे, पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड देणारे रणजितसिंह डिसले आपल्याच जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत शिक्षक होते, आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइज हा पुरस्कार त्यांना मिळाला. मात्र कोड स्वतः काही शिकवत नाही. त्यामागे केवळ चित्रफीत असेल, तर मूल ती पाहते आणि समजल्याच्या भ्रमात पुढे सरकते. खरा फरक पडतो तो हाताळता येणाऱ्या साधनांनी. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये त्रिकोण काढून तिन्ही मध्यगा (शिरोबिंदूपासून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूपर्यंतच्या रेषा) काढाव्यात आणि एक शिरोबिंदू बोटाने ओढावा : त्रिकोण कितीही वाकडातिकडा झाला, तरी मध्यगा एकाच बिंदूत मिळतात आणि तो प्रत्येक मध्यगेला २:१ या प्रमाणात विभागतो, हे डोळ्यांदेखत दिसते. फळ्यावर इतके त्रिकोण काढायला कोणत्या शिक्षकाला सवड असते? त्यानंतर मोबाइल बाजूला ठेवून तीच आकृती मुलीला पट्टी-कंपासने वहीत काढायला लावावी आणि मध्यगा एकाच बिंदूत का मिळतात, हे तिच्याच शब्दांत विचारावे. तिथे ती अडली, तर दुसरी चित्रफीत न उघडता शाळेतल्या बाईंना विचारू द्यावे.