पोरांच्या कागदावर आपला हात नको

चि.,
अनेक आशीर्वाद.

पत्र परवा मिळालं. द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी तुझ्याकडे, त्यात कला आणि कार्यानुभवही तुझ्याच गळ्यात, आणि आता तुला वर्षभराच्या उपक्रमांची यादी हवी आहे. यादी मी देत नाही. याद्या पायलीच्या पन्नास मिळतात. मोबाईल उघडलास की आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, कागदी ताटलीचं कासव, कापसाचा ससा, कितीही बघत बस.

त्यातलं कासव तू उचललंस असं धरू. आदल्या रात्री जेवण झाल्यावर तू वर्गभराच्या पाठी कापशील, पाय कापशील, डोळे काढून ठेवशील. दुसऱ्या दिवशी पोरं ते चिकटवतील. भिंतीवर तीस कासवं लागतील आणि तिसाच्या तीस तुझी असतील. पालकांच्या ग्रुपवर फोटो जाईल, अंगठे येतील. पोरांनी काय केलं? फेविकॉल लावला. म्हणून कोणताही उपक्रम निवडताना एवढंच तपास: झाल्यावर भिंतीवरची कामं वेगवेगळी दिसतील का? एकसारखी दिसणार असतील तर तो उपक्रम तुझा आहे, त्यांचा नाही.

फळ्यावर चित्र काढून “हे काढा” म्हणायचं नाही, हेही त्यातच आलं. तसं केलंस की दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, कडेला झोपडी, नारळाचं झाड आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी एवढंच मिळणार. जुन्नरच्या पोरानं नारळाचं झाड का काढावं? तुझ्या पटांगणातून शिवनेरी दिसतो म्हणालीस ना. पोरांना बाहेर ने. डोंगराचा माथा टोकदार आहे की सपाट? कातळ कुठून सुरू होतो? झाडी कुठे संपते? बोटानं हवेत त्याची कड गिरवायला सांग. मग वर्गात येऊन काढू दे. डोंगर हुबेहूब येणार नाही, यायची गरजही नाही. पण तो त्रिकोण मोडेल.

आता चित्रं कशी बघायची ते. या वयाची पोरं दिसतं ते काढत नाहीत, ठाऊक असतं ते काढतात. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे मूळचे ऑस्ट्रियाचे कलाशिक्षक होते, पुढे अमेरिकेत शिकवायचे. त्यांनी १९४७ साली मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. चार ते सातपर्यंत वस्तू कागदभर तरंगत असतात. साधारण सातव्या वर्षापासून खाली जमिनीची एक रेघ येते आणि सगळं तिच्यावर उभं राहतं. आकाश म्हणजे वरच्या कडेला निळी पट्टी, मधली जागा कोरी. ती कोरी जागा रंगवून घ्यायचा हट्ट धरू नको. पोराच्या हिशेबानं तिथं हवा आहे, आणि हवेला रंग नसतो.

तुमच्याकडे बिबट्या हा विषय आपसूकच निघेल. “उसातला बिबट्या” काढायला सांग आणि गंमत बघ. बहुतेकांच्या चित्रात ऊस आरपार दिसेल, आत अख्खा बिबट्या, शेपटीसकट, कधीकधी पोटात गिळलेली कोंबडीसुद्धा. हा क्ष-किरण या वयाचा हक्काचा आहे. “उसात असल्यावर दिसेल कसा?” असं विचारून पोराला खजील करू नको. पुढं नऊ-दहाव्या वर्षी ते पोर स्वतःच बिबट्या झाकायला लागेल, आणि तेव्हा “मला चित्र येत नाही” हेही म्हणायला लागेल. त्या आधीची ही दोन-तीन वर्षं तुझ्या हातात आहेत. तसंच रिंगण. फुगडी किंवा शेकोटी काढायला दिलीस तर माणसं चारी बाजूंना आडवी पडलेली दिसतील. पोर कागद फिरवत फिरवत काढतं, तूही कागद फिरवून बघ.

चित्र दाखवायला आणलं की “छान” म्हणून मोकळी होऊ नको. “हितं काय चाललंय, सांग की” एवढं विचार. पोर जे बोलेल ते त्याच्याच बोलीत कागदाच्या मागे पेन्सिलनं लिही, तारीख घाल. भाषेच्या तासाला यापेक्षा चांगलं वाचन साहित्य तुला मिळणार नाही. आणि पेन्सिल फक्त मागच्या बाजूला. पुढच्या बाजूला हात सरळ करून देणं नाही, नाक काढून देणं नाही. पोर रडकुंडीला आलं, “बाई, घोडा काढून द्या” म्हणालं, तर दुसऱ्या कोऱ्या कागदावरही काढून देऊ नको. घोड्याची मान कुठून निघते, पाय किती, गुडघा कुणीकडे वाकतो असं विचारत जा. घोडा बिघडेल. बिघडू दे.

रंगांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. खडूंच्या पेटीत एक फिका गुलाबी खडू असतो, पोरं त्याला “अंगाचा रंग” म्हणतात. वर्गात त्या रंगाचं एकही माणूस नाही, तरी आई-बाबा सगळे गुलाबी. एक तास यावर घालव. पोस्टर कलरच्या तपकिरी, पिवळ्या, पांढऱ्या आणि थोड्या लाल रंगाच्या बाटल्या उघड, जुन्या झाकणांत थेंब थेंब दे, आणि ज्यानं त्यानं आपला हात कागदाशेजारी ठेवून त्याच्याशी जुळेल असा रंग कालवायचा. काळा देऊ नको, थेंबभर काळ्यानं सगळं मेलं म्हणून समज. पोरं एकमेकांचे हात शेजारी धरून बघतील, कुणी हसेल, कुणी चिडवेल. तिथं तू हजर राहा, कारण काळी-गोरी वगैरे शेरे घरून आलेले असतात. जुळलेल्या रंगाचा एक ठिपका आणि खाली नाव, झालं काम. पुढं माणसं काढताना गुलाबी खडू आपोआप मागे पडतो.

साहित्यावर पैसे घालू नको. मेणबत्तीच्या तुकड्यानं पांढऱ्या कागदावर काढायचं आणि वरून पातळ निळं पाणी फिरवायचं. रेघा उमटल्या की पहिलीचा वर्ग ओरडतोच. हळदीच्या पाण्यानं रंगवलेल्या कागदावर साबणाच्या पाण्याचं बोट फिरवलं की लाल रेघ येते, ती का येते ते विज्ञानात सांगशील. ठसेकामाला भेंडी आणि कांदा. बटाटा कापलास तर फडक्यानं पाणी टिपून घे, नाहीतर ठसा पसरतो. कात्री पहिलीला लगेच नको. जुनी वर्तमानपत्रं फाडून चिकटकाम करू दे, फाडतानाही बोटं तयार होतात. डावखुरं पोर असेल तर कात्री द्यायच्या वेळी त्याच्याकडे बघ, आपली नेहमीची कात्री त्याला कापत नाही आणि सगळे त्यालाच धांदरट ठरवतात.

पोळ्याच्या सुमाराला मातकाम घे. ढेकळं फोडून भिजव, खडे-मुळ्या काढायला गाळून घे, फडक्यावर काढून मळ. बोटाला चिकटली तर ओली, वळकटी वाकवताना तडकली तर कोरडी. बैलाचे पाय वेगळे करून चिकटवले की वाळल्यावर गळतात. त्यापेक्षा गोळ्यातूनच पाय ओढून काढायला शिकव. शिंगं लावायचीच असतील तर दोन्हीकडे काडीनं ओरखडे आणि मध्ये पातळ चिखल. उन्हात ठेवायचं नाही, सावलीत, वर वर्तमानपत्र.

वारलीचं तू विचारलंयस. मडक्यावर दोन त्रिकोण आणि एक गोल काढला की वारली झाली, असं हल्ली सगळीकडे चाललंय, मला ते पटत नाही. ती पालघरकडच्या आदिवासींच्या घरातली भिंत आहे. गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकोनी चित्र, लिहायचा, तो बायकांनी. पुढं जिव्या सोमा म्हशे यांनी ती कागदावर आणली आणि जगभर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे पोरांना सांग. मग गेरू फासलेला पुठ्ठा, तांदळाच्या पिठाचं पाणी आणि टोक चेचलेली काटकी हातात दे, पण वारल्यांचा तारपा नाच, तारपा वाजवत फेर धरतात तो, उतरवून घेऊ नको. आपल्या गावात काय चालतं ते काढू दे: टोमॅटोची तोडणी, एसटी, जेसीबी.

एखादा पालक येईल आणि तिसरीपासूनच एलिमेंटरीची, म्हणजे सरकारी चित्रकला परीक्षेची, तयारी करून घ्या म्हणेल. ती परीक्षा माध्यमिक शाळेच्या मुलांची. स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती असे तिचे विषय. त्याला चहा पाज आणि पोराचं चित्र दाखव.

प्रदर्शन लावशील तेव्हा निवडक लावू नको, सगळ्यांची लाव. दोरी आणि कपड्यांचे चिमटे, पोरांच्या डोळ्यांच्या उंचीला. अधिकारी आले तर वाकून बघतील.

पुढच्या पत्रात चार चित्रं पाठव. चांगली निवडून नको, वरची चार उचल.

तुझे,
सर

ता. क. फेविकॉल संपला म्हणून काम थांबवू नको. मैद्याची खळ शिजव, टिकायला चिमूटभर तुरटी घाल. जुने लोक मोरचूद घालायचे, ते अजिबात नको. ते विषारी असतं, आणि पहिलीची पोरं बोटं चाटतात.